सासऱ्यांच्या वजनाचा एन्लार्जर

धाकट्या साडूने सासऱ्यांना भिंतभर टीव्ही नेऊन दिला नसता, तर फुलचूरच्या ओमेश टेंभरेच्या घरच्यांवर आंघोळीसाठी शेजारी जायची पाळी आली नसती. पण तिलक पडला बालाघाटचा टाइल्सवाला. त्याने टीव्ही दिला, वर स्वतः भिंतीवर चढून बसवूनही दिला. बिरसीच्या त्या घरात त्या दिवशी थोरला जावई म्हणून ओमेशने काय केलं? रिमोटचे सेल घातले. (तेही उलटे.)

परतताना दामिनी स्कूटरवर मागे बसून टीव्हीचंच कौतुक करत होती. डोक्यावरून विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांचं एक विमान घरघरत गेलं, तरी तिचं चालूच.

"टीव्ही कोणीबी देते," ओमेश शेवटी म्हणाला. "मामाजीच्या अमृतमहोत्सवाले मी फोटो देईन. हा एवढा मोठा! माह्या स्वतःच्या हातानं बनवलेला."

"हातानं म्हंजे? पेन्सिलीनं काढता का?"

"फिल्मवर. डार्करूममंधी."

"ते काय रायते?"

"अंधारी खोली."

"आपल्या घरी लाइट गेली का सगळ्याच खोल्या त्याच रायतेत," दामिनी म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता.

ओमेश एका राईस मिलच्या ऑफिसात कारकून होता. पण मनातून तो कलावंत होता आणि ही गोष्ट फक्त त्यालाच ठाऊक होती. आपल्या सख्ख्या मामाच्या जुन्या पेटीत त्याला एक फिल्मचा कॅमेरा सापडला होता, तेव्हापासून त्याची भाषाच बदलली. मोबाइलवरच्या फोटोला तो फोटो म्हणेना. "त्याच्यात आत्मा नाई," असं तो मिलमधल्या लोकांना सांगायचा. मिलमधले लोक मान डोलवायचे आणि त्याच्याकडूनच मोबाइलवर आपला फोटो काढून घ्यायचे.

बिरसीला जाऊन त्याने सासऱ्यांना शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उन्हात उभं केलं आणि फोटो काढला. केशोराव म्हणजे रांगडा गडी. उभं आयुष्य धानाच्या बांधीत गेलेलं, रंग पक्का, केस आणि मिशा पांढऱ्याशुभ्र. "हालू नका मामाजी, श्वास रोखा," असं ओमेश इतक्यांदा म्हणाला, की घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "डॉक्टरकडे गेले होते का जी?"

आणि चमत्कार असा, की घरी धुतलेली ती फिल्म नीट निघाली. केशोरावांची बोटभर निगेटिव्ह उजेडाकडे धरून ओमेश दिवसभर हिंडला. आता एकच गोष्ट राहिली होती. बोटभर केशोरावांचे हातभर केशोराव करणारं यंत्र, म्हणजे एन्लार्जर.

त्याने व्हिडिओंवर व्हिडिओ पाहिले. जेवताना पाहिले, मिलमध्ये टेबलाखाली पाहिले. कुठली भिंगं (त्यांना तो 'कंडेन्सर' म्हणे) चांगली, उजेड थेट पडावा की पसरून, खांब सरळ असावा की तिरपा, या प्रश्नांवर त्याची मतं तयार झाली. मतं इतकी पक्की झाली, की यंत्र एकदाही पाहिलेलं नाही ही अडचण त्याला जाणवेना.

कोहमाऱ्याला एका ढाब्यामागे परसराम नावाच्या माणसाचा बंद पडलेला स्टुडिओ होता. तिथे दोन एन्लार्जर विकायला आहेत, असं कळलं. ओमेश दामिनीला घेऊन गेला. (तिला न्यायचं नव्हतं. पण तिने "टेप घेऊन येते, बाथरूम मापून ठेवली," असं म्हटल्यावर काय करणार?)

एक एन्लार्जर लहान होता. टेबलावर बसेल, कडेवर घेऊन चालता येईल असा. दुसरा टेबलावर उभा, छताला टेकलेला. खाली पाटासारखी जाड लाकडी फळी, तीवर पुरुषभर लोखंडी खांब, आणि खांबाला पुढे आलेलं भलंमोठं काळं डोकं. वाकून आपल्याकडे बघणाऱ्या मास्तरासारखं.

"यात कंडेन्सर आहे ना?" ओमेशने खांबावर टिचकी मारून विचारलं.

"साब, जो चाहिए वो सब है," परसराम म्हणाला.

"हा लहान चांगला आहे," दामिनी म्हणाली. "आपल्या बाथरूमात बराबर बसते. वर माळा आहे, ध्यानात आहे ना?"

परसरामने तिच्याकडे पाहिलं, मग ओमेशकडे. धंदा बंद पडला असला तरी माणूस ओळखायची कला त्याची चालूच होती. "मॅडम बराबर बोलतात. छोटावाला हौशी लोक घेतात. घरगुती काम. हा मोठा म्हणजे कलाकाराचा."

'हौशी' हा शब्द ओमेशच्या काळजात घुसला.

"खोली बदलता येते दामिनी," तो गंभीरपणे म्हणाला. "यंत्र बदलता येत नाई."

"खोली कोन बदलवते? बाथरूम उचलून अंगणात नेता का?"

मोठा एन्लार्जर मालाच्या गाडीतून फुलचूरला आला. तो उतरवताना अख्खी गल्ली जमली आणि प्रत्येकाने एकेक सल्ला दिला. बाथरूमच्या दारातून तो उभा जाईना, आडवा वळेना. शेवटी दार काढलं, तेव्हा यंत्र आत गेलं. मग दार बसवलं, तेव्हा ओमेश आत आणि कडी बाहेर, असा प्रकार झाला. तेही निस्तरलं.

खरा घोळ पुढेच होता. या यंत्राचं गणित साधं असतं. डोकं जितकं वर न्यावं, तितका खाली फोटो मोठा पडतो. ओमेशने हुंड्यातल्या सागवानी टेबलावर यंत्र ठेवलं (हुंडा म्हणायचं नाही, 'मामाजीनं प्रेमानं दिलेलं टेबल' म्हणायचं). खांब माळ्याच्या कडेबाहेरून वर गेला, पण पुढे आलेलं डोकं वर सरकवलं आणि ठक्! माळा लागला. अख्ख्या जिल्ह्यातल्या त्या सर्वांत मोठ्या एन्लार्जरमधून केशोरावांचा जो सर्वांत मोठा फोटो निघाला, तो आधार कार्डावर चिकटवता आला असता.

"छान आला," दामिनी म्हणाली. "अमृतमहोत्सवात सगळ्याइले भिंग वाटून देऊ."

दरम्यान घराची तऱ्हा काय सांगावी! खिडकीला काळं कापड ठोकलेलं, नळाखाली रसायनांच्या पसरट थाळ्या, बल्ब लाल. दामिनी शेजारच्या नंदाबाईंकडे आंघोळीला जायची आणि येताना त्यांची बादलीभर सहानुभूती घेऊन यायची.

पण कलावंत हार मानत नाही. एका व्हिडिओत ओमेशला तोड सापडली. यंत्राचं डोकं खांबाभोवती मागे फिरवायचं, टेबलाच्या काठाबाहेर काढायचं आणि फोटो टेबलावर न पाडता थेट जमिनीवर पाडायचा. अंतर वाढलं, फोटो वाढला! फक्त डोकं बाहेर आल्यावर सगळं यंत्र त्या बाजूला कलंडू नये, म्हणून टेबलावर राहिलेल्या फळीवर भरभक्कम वजन ठेवायचं. ओमेशने तांदळाचा भरला कट्टा, म्हणजे अख्खं पोतंच, ओढत नेऊन फळीवर चढवला. यंत्र जागचं हललं नाही. आनंदाने तो स्वतःशीच नाचला. थाळीत पाय पडेपर्यंत.

आणि नेमके दुसऱ्या दिवशी सकाळी केशोराव आणि सासूबाई शकुंतलाबाई गोंदियात कार्यक्रमाच्या कापडचोपडाच्या खरेदीला म्हणून आले ते थेट जावयाच्या घरी उतरले. दामिनीने चहा टाकला. शकुंतलाबाई तांदूळ निवडायला बसायचं म्हणून कट्टा शोधायला लागल्या.

"बाई, तांदूळ कुठी आहे वो?"

"बाथरूमात," दामिनी म्हणाली. तिने आवाजात काहीही येऊ दिलं नाही.

"बाथरूमातला भात खाऊ घालता का आमाले?" शकुंतलाबाईंनी स्वतः आत जाऊन कट्टा खाली ओढला आणि अंगणात आणून टाकला. यंत्र डुललं. ओमेशने झेप घेऊन खांबाला मिठी मारली.

"काऊन जी जवाईबापू, कोनाले धरून ठेवून राहिले?" केशोराव दारात उभे होते.

ओमेशने धापा टाकत सगळं समजावलं. हे यंत्र, हा तुमचाच फोटो, मोठा होणार, फक्त वजन पाहिजे.

"हात्तीच्या! वजन पायजे ना? मी बसतो."

"तुमी? मामाजी, नको जी, तुमी पाहुणे..."

"अरे, फोटो माहाच आहे ना? मंग दुसरा कायले बसन?" असं म्हणत त्यांनी चष्मा काढून दामिनीकडे दिला, धोतर खोचलं आणि टेबलावर चढून फळीवर मांड ठोकली. समोर खांब, वर माळा, मधे मान मोडून बसलेले केशोराव. नवरदेव घोड्यावर बसावा आणि घोडं हलू नये, तसं दृश्य.

दार लागलं. ओमेशने यंत्राचा दिवा लावला. खाली जमिनीवर अंथरलेल्या पांढऱ्या कागदावर उजेड पडला आणि त्यात हळूहळू एक चेहरा स्पष्ट झाला.

आता निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतं, हे तुम्हाला आम्हाला ठाऊक. चष्मा काढलेल्या केशोरावांना काय दिसलं? गोरापान, रुंद कपाळाचा पुरुष. केस काळेभोर. मिशा काळ्याकुळकुळीत. आणि पांढऱ्या सदऱ्याऐवजी अंगात काळा कोट.

केशोरावांनी टेबलावरूनच मान लांब करून पुन्हा पाहिलं.

"जवाईबापू," ते हळूच म्हणाले, "हा मी आहो?"

"हो जी."

"अरे, मी तं वकील दिसून राहिलो!"

"अं... हो जी."

"एवढी वर्षं झाली, कोनाले माहा असा फोटो काढता नाई आला. त्या तिलकनं काढला होता मोबाइलवर. कोळसा दिसत होतो मी त्याच्यात, कोळसा! मशीनमंधी दम पायजे." मग जावयाकडे मान वळवून, "तुमच्यात बी."

इथे ओमेशने खरं सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी त्याच्याविषयी काढलेला हा पहिला चांगला शब्द होता. त्याने तो एकदा मनात ऐकला, पुन्हा एकदा ऐकला, आणि फोकस आणखी नीट केला.

"आता याले हात नका लावू," केशोराव म्हणाले. "आहे तसाच राहू द्या."

"कागदावर उतरवा लागते जी."

"मंग उतरवा. जपून."

ओमेशने दिवा बंद केला. लाल उजेडात फोटोचा मोठा कागद जमिनीवर अंथरला, दिवा लावला, मनात अंक मोजले, दिवा बंद केला, कागद रसायनाच्या थाळीत बुडवला. केशोराव वरून वाकून बघत होते. कोऱ्या कागदावर काही उमटेना. मग हळूच एक काळी सावली आली. ती वाढली. कपाळ काळं झालं. गाल काळे झाले. मिशा मात्र पांढऱ्या त्या पांढऱ्याच राहिल्या.

"थांबव!" केशोराव ओरडले. "जळून राहिलो ना मी! काढ बाहेर!"

"मामाजी, आता बरोबर होऊन राहिलं..."

"का बरोबर होऊन राहिलं? आत्ता तरणा होतो, तुनं पाण्यात टाकून म्हातारा केला!" (जवाईबापूचं 'तू' इथे झालं, ते झालंच.) आणि वकील झालेला आपला चेहरा वाचवायला ते टेबलावरून उतरले.

वजन उतरलं, तसं यंत्रही उतरलं. ओमेशने छातीवर झेललं खरं, पण मागे जागा कुठे होती? तो एन्लार्जरला पोटाशी धरून सरळ रसायनाच्या थाळीत बसला. धडाड आवाज ऐकून दामिनीने दार उघडलं. लख्ख ऊन आत आलं. अंधारात जपायच्या कागदांचं खोकं उघडंच होतं. त्यातले सगळे कागद वाया गेले. थाळीतल्या फोटोचं काय झालं ते ओमेश उठल्यावर कळलं. बसल्या जागेचा पूर्ण ठसा त्यावर उमटला होता, आणि त्याभोवती केशोरावांची एक मिशी.

"हा मी नाई," केशोराव चष्मा लावून म्हणाले.

"नाई जी," ओमेश थाळीशेजारून म्हणाला. "हा मी आहो."

अमृतमहोत्सवाला बिरसीच्या मांडवात तिलकने फ्लेक्स लावला. मोबाइलमधल्या कुठल्याशा करामतीने त्याने सासऱ्यांना गोरं केलं होतं, केस काळे केले होते, वर निळा सूट चढवला होता. सगळं गाव फ्लेक्ससमोर उभं राहून म्हणालं, "हुबेहूब!" केशोरावांनी तिलकला मिठी मारली. खऱ्या चेहऱ्याचा खरा फोटो काढणारा जावई पंगतीत मठ्ठा वाढत होता.

एन्लार्जर कोणी विकत घेईना. परसरामने तर फोन उचलणंच सोडलं. बाथरूम मोकळं केल्यावर यंत्र अंगणाकडच्या ओट्यावर येऊन उभं राहिलं, खांबाला दामिनीने कपडे वाळत घालायची दोरी बांधली.

एके दुपारी नंदाबाई लंगडत आल्या आणि पाट समजून यंत्राच्या फळीवर पाय सोडून बसल्या. "ओमेश, बापा, लावतं का जरा? गुडघा लय दुखून राहिला. दवाखान्यात असंच मोठं मशीन होतं, त्याच्याखाली शेकलं का बरं वाटत होतं."

ओमेशच्या ओठावर सगळं आलं. हे शेकायचं यंत्र नाही, या उजेडाला ऊब नसते, यात कंडेन्सर आहे, हे कलावंताचं साधन आहे. पण कित्येक महिन्यांनंतर कोणीतरी त्या यंत्राबद्दल आपणहून विचारत होतं. त्याने दिवा लावला, डोकं खाली सरकवलं आणि सवयीने नंदाबाईंच्या गुडघ्यावर फोकस केलं.

"बरं वाटून राहिलं रे," त्या डोळे मिटून म्हणाल्या.

आता त्या रोज दुपारी येतात. परवा तर गल्लीतल्या आणखी दोघींना घेऊन आल्या. ओट्यावर रांगेत बसल्या बसल्या त्यांनी दामिनीला झापलंही.

"उगीच नवऱ्याले नावं ठेवतं पोरी. फोटो-बिटो नसन येत त्याले, पण बल्ब मातर बराबर धरते."