कपाट आत आलं कसं?

घर बदलायचं नक्की झालं तेव्हा माझ्यापुढे एकच प्रश्न होता. सामान आपलं आपण हलवायचं, की माणसं लावायची? बायकोपुढे हा प्रश्न नव्हताच. तिने सामान हलवणाऱ्या कंपनीच्या मुकादमाला बोलावूनही घेतलं होतं. (आमच्याकडे प्रश्न मला पडतात आणि उत्तरं तिला सापडतात. कामाची ही वाटणी लग्नापासूनची आहे.)

मुकादम आला आणि हात मागे बांधून घरभर फिरला. फ्रिजकडे बघून मान हलवली, पलंगाकडे बघून मान हलवली. बेडरूममधल्या कपाटासमोर मात्र थबकला. त्याने कपाटाकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा कपाटाकडे.

"साहेब, हे आत आणलं कसं?"

खरं सांगतो, इतकी वर्षं त्या कपाटातून रोज शर्ट काढून मी ऑफिसला गेलो, पण हा प्रश्न माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. तरी परक्या माणसासमोर अज्ञान कशाला दाखवा?

"दारातून," मी म्हणालो. "आणखी कुठून आणणार?"

"दारातून नाही येणार."

"अहो, पण आलंय ना? तुमच्या डोळ्यांसमोर आहे."

"आहे खरं," तो विचारात पडला. "पण येणार नाही."

आता मी वजन-मापे कार्यालयात हेडक्लार्क आहे. बाजारातल्या तराजूंवर आणि मापांवर शिक्का मारणारं आमचं खातं. मापाच्या बाबतीत मला कुणी शिकवलेलं चालत नाही. मी मुकादमासमोर टेप काढला, कपाट मोजलं, दार मोजलं, बोटभर जागा उरते हे सिद्ध केलं आणि चौकटीवर खडूने ठसठशीत लिहिलं, 'पास'. आमच्या खात्याची पद्धत अशी, की माप एकदाच घ्यायचं. दुसऱ्यांदा मोजणं म्हणजे पहिल्या मोजणाऱ्यावर अविश्वास दाखवणं. आणि इथे पहिला मोजणारा मीच होतो.

मुकादमाने आणखी एकदा कपाटाकडे पाहिलं, कार्ड ठेवलं आणि म्हणाला, "काही अडलं तर फोन करा."

"अडणार नाही," मी म्हणालो. आणि त्याच क्षणी ठरवून टाकलं, की सामान आपणच हलवायचं.

"अहो, त्या कपाटाचं काय आहे ना," बायको सांगू लागली.

"तू बरण्यांचं बघ. कपाट माझ्यावर सोड."

हे कपाट म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. माझे सासरे सुतार होते. आता ते नाहीत. त्यांच्या हातचं आमच्याकडे एवढंच. गाद्या, पांघरुणं सगळी पोटात घेईल असं ते खोल आणि उंच कपाट होतं, आणि बायको महिन्यातून एकदा त्याला तेलाचा बोळा फिरवायची. (मला आजारपणातसुद्धा कुणी तेल लावलेलं नाही.) तिने मला आधीच बजावलं होतं, "बाकी काय फुटायचं ते फुटू दे. पण बाबांच्या कपाटाला इजा झाली तर बघा. आणि कपाट येणार नसेल, तर मीपण येणार नाही." हे ती हसत बोलली नव्हती.

त्यात अडचण अशी, की ज्या दिवशी आम्ही निघणार त्याच दुपारी नवे भाडेकरू सामानासकट यायचे होते.

मदतीला माझा धाकटा भाऊ आला. तो व्यायामशाळेत लोकांना वजनं उचलायला शिकवतो. त्याने मित्राचा टेम्पो आणला होता आणि काखेतून हवा जाईल असा बनियन घातला होता. जेवणवेळेपर्यंत सगळं सामान खाली गेलं. फुटला तो फक्त एक आरसा, आणि तोही मीच त्यात बघत चाललो होतो म्हणून.

मग आम्ही कपाटाकडे वळलो. ते रिकामं केलं आणि हलकं व्हावं म्हणून दोन्ही दारं बिजागऱ्यांतून काढून खाली पाठवली. उरला तो फळ्या बसवलेला एक उघडा सांगाडा. भाऊ त्याच्याभोवती फिरला.

"दादा, हे आत आणलं कसं रे?"

"तूपण सुरू झालास?"

"नाही, खरंच. मला वाटतं आधी कपाट होतं, मग त्याच्याभोवती इमारत बांधली."

मलाही आता कुतूहल छळू लागलं होतं. खिडकीतून म्हणावं तर खिडकीतून आमचं मांजरही जेमतेम येतं. छत काढून वरून सोडलं असेल? पण वर राहणारे लोक स्वभावाने तितके सहकार्य करणारे वाटत नाहीत. बायकोला विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. पण ज्याने चौकटीवर 'पास' लिहिलंय तो विचारणार कसा?

"अहो, ऐका ना जरा," ती हॉलमधून पुन्हा म्हणाली.

"आत्ता नको. आत्ता जोर लावायचा आहे."

कपाट उभंच वळवून, बाजू पुढे करून दारात घातलं. भाऊ हॉलमधून ओढत होता, मी बेडरूममधून ढकलत होतो. कपाट चौकटीला घासू लागलं तशी भावाने साबणाची वडी मागवली. साबण लावल्यावर ते सुळकन अर्धं बाहेर गेलं आणि तिथेच बसलं. पुढे जाईना की मागे येईना. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी कपाटाचं माप कडेला घेतलं होतं. आणि कपाट माझ्यासारखंच मध्ये सुटलेलं होतं.

भावाने दम खाल्ला आणि म्हणाला, "दादा, एक सांगू?"

"सांग."

"तू आत आहेस."

मी मागे वळून पाहिलं. मागे रिकामी बेडरूम होती, गज लावलेली खिडकी होती. पुढे कपाट होतं. कपाटापलीकडे माझी बायको, माझा भाऊ, माझं सामान आणि माझं उरलेलं आयुष्य होतं. डोक्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पास'.

कपाटाची दारं काढलेली असल्यामुळे एक सोय झाली. अर्धा सांगाडा हॉलमध्ये, अर्धा माझ्याकडे. त्यामुळे फळ्यांच्या मधल्या कप्प्यांतून आरपार दिसत होतं. त्यातून बाहेर पडावं म्हणून मी प्रयत्न केला. डोकं गेलं, खांदे गेले, पोट राहिलं. भावाने मला पाय धरून ओढायचा विचार केला, पण पाय माझ्याकडे होते.

बायकोचा चेहरा वरच्या कप्प्यात दिसला. ती आधी कपाटाकडे बघत होती. चौकटीत घासून त्याच्या कडेला एक पांढरी रेघ उठली होती. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिचं ते गप्प राहणं बघून मला पहिल्यांदाच भीती वाटली, आणि स्वतःची लाजही वाटली.

"करवत आणू का, वहिनी?" भाऊ म्हणाला.

"करवतीचं नाव काढाल तर ह्यांना आत ठेवून जाईन मी," ती म्हणाली आणि पर्समधून मुकादमाचं कार्ड काढलं.

मुकादम येईपर्यंत खालच्या मजल्यावरच्या काकू चहा घेऊन आल्या. (चहा निमित्त होतं. त्यांना कपाट बघायचं होतं.) बायकोने तिसऱ्या कप्प्यातून कप आत सरकवला, मी चहा पिऊन कप परत सरकवला. एवढी वर्षं मी ऑफिसात खिडकीच्या आत बसून लोकांना ताटकळत ठेवलंय. खिडकीच्या आत बसलेल्याचीही काही बाजू असते, हे लोकांना कधी पटलं नाही. मलाही त्या दिवसापर्यंत पटलं नव्हतं.

तेवढ्यात नवे भाडेकरू आले. नवरा, बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई. आजीबाई घर बघत बघत सरळ कपाटापाशी आल्या, वाकल्या आणि मधल्या कप्प्यातून माझ्याकडे निरखून पाहू लागल्या.

"हे कोण?" त्यांनी मुलाला विचारलं.

"आधीचे भाडेकरू असतील."

"घराबरोबरच आहेत का?"

"नाही हो, आजी," मी म्हणालो. "मी निघालोच आहे."

"सावकाश निघा," त्या म्हणाल्या आणि खुर्ची मागवून समोरच बसल्या. "पण मला एक सांगा. हे कपाट आत आणलं कसं?"

एव्हाना मुकादम दोन माणसं घेऊन पोचला होता. त्याने चौकटीवरचं 'पास' वाचलं. सभ्य माणूस, लगेच दोरी सोडवायला लागला. आजीबाईंचा प्रश्न मात्र हवेत तसाच होता, आणि आता सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी मी वरच्या कप्प्यात तोंड घालून बायकोला म्हणालो, "अगं, हे आत आलं कसं?"

"आलंच नाही," ती म्हणाली. "बाबांनी ते इथेच केलं. तुम्ही ऑफिसला गेलात की ते फळ्या घेऊन यायचे आणि या खोलीत बसून जोडायचे. तुम्ही घरी आल्यावर विचारलंसुद्धा होतंत, की घरात भुसा कसला."

मला भुसा आठवला. कपाट आठवेना.

"मी सकाळपासून हेच सांगतेय. ह्यात एकही खिळा नाही. सगळं लाकडी खुंट्यांवर आहे. बाबा म्हणायचे, तुम्ही भाड्याच्या घरातली माणसं, आज इथे तर उद्या तिथे. कपाट असं हवं की मुलीला घर बदलताना मागे टाकून जावं लागू नये. चार खुंट्या ठोकल्या की मोकळं होतं."

हे ऐकून मला खरंच भरून आलं. त्या माणसाने आमच्या जाण्याचीसुद्धा सोय करून ठेवली होती. आजीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मुकादमाने हातातली दोरी खाली ठेवली.

"दोन खुंट्या इकडच्या बाजूला आहेत," बायको म्हणाली, "आणि दोन तुमच्याकडे. इकडच्या हे लोक काढतील. तिकडच्या आता तुम्हीच काढायच्या. खालून ठोकायचं, आणि खालची आधी. वरची आधी काढलीत तर माथ्याची फळी सुटेल. ऐकलंत?"

"ऐकलं."

"काय ऐकलं?"

"खालून ठोकायचं."

चौथ्या कप्प्यातून हातोडी आली. मी खालून ठोकलं, पण वरची आधी. खुंटी सुटल्याचा आवाज छान आला. त्यामागोमाग माथ्याची फळी आली आणि माझ्या माथ्यावर बसली.

"काय झालं?" बाहेरून बायकोचा आवाज आला. त्यात काळजी होती. "फळीला काही लागलं का?"

फळी ठणठणीत होती. मग खालची खुंटी काढली, मधल्या फळ्या एकेक करून सुटल्या, आणि ज्या कपाटाने मला दुपारभर कोंडलं होतं ते मुकादमाच्या माणसांनी चादरीत गुंडाळून खाली नेलं. मी रिकाम्या दारातून बाहेर आलो. आजीबाई खुर्चीवरून उठल्या नाहीत, पण त्यांना जरा वाईट वाटलेलं दिसलं. कार्यक्रम संपला होता.

सामान मग टेम्पोऐवजी सगळंच मुकादमाच्या गाडीत गेलं. त्याच्या माणसांनी प्रत्येक नगावर पट्ट्या चिकटवल्या. पुढच्या सीटवर बायको बसली, मी मागे कपाटाच्या फळ्या धरून बसलो. कपाळावर टेंगूळ आलं होतं, अंगाला साबणाचा वास येत होता. नव्या घरी उतरल्यावर भाऊ माझ्या पाठीमागे बघून हसायला लागला. शर्टावर 'नाजूक' अशी पट्टी होती. ती कुणी लावली हे मी विचारलं नाही. बायको दुसरीकडे बघत होती.

तिने नव्या बेडरूममध्ये उभं राहून कपाट जोडून घेतलं. खुंट्या स्वतः बसवल्या आणि ती पांढरी रेघ बोळ्याने पुसून बघितली. पुसली गेली. तेव्हा कुठे ती माझ्याकडे बघून हसली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मग मुकादमाची माणसं एकेक नग आत आणू लागली आणि ती जागा दाखवू लागली. पलंग खिडकीशी, फ्रिज कोपऱ्यात, टेबल भिंतीला लावून.

शेवटी सगळं संपलं. मुकादमाने एकदा चारी खोल्यांत नजर फिरवली आणि मी दमून जिन्याच्या तोंडाशी बसलो होतो तिकडे बोट केलं.

"बाई, साहेबांना कुठे ठेवायचं?"

तिने क्षणभर विचार केला.

"कुठेही ठेवा. फक्त दारात नको."