रगाखालचं अस्वल

"नियोजन चोख असेल ना, तर अस्वल स्वतःहून समोर येऊन उभं राहतं!" हाफक्लच सरांनी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. मीठदाणी आडवी झाली.

सर गाडी चालवायला शिकवायचे. चढावर शिकाऊ माणसाची गाडी मागे घसरू लागली, की ते "हाफक्लच! हाफक्लच!" असे ओरडायचे, की त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

राष्ट्रीय उद्यानाच्या त्यांच्या दोन सहली पार वाया गेल्या होत्या. पहिल्या खेपेला हरीण अगदी जीपजवळ आलं, तर बायकोनं "अय्या, किती गोड!" म्हणून टाळीच वाजवली. दुसऱ्या खेपेला लेकीनं वेफर्सचं पाकीट असं काही फोडलं, की रानडुकरं तर पळालीच, गाइडसुद्धा जीपमधून पडता पडता वाचला.

येत्या शनिवारी तिसरी खेप होती, आणि यावर सरांकडे एकच औषध होतं. सराव! "गाडी रस्त्यावर काढायच्या आधी बंद गाडीत बसून सराव करायचा. जंगलाचंही तेच!"

झालं! रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत जीप तयार झाली. पुढे एक खुर्ची, मागे दोन. जंगलात भडक रंग चालत नाहीत, म्हणून तिघांच्याही अंगावर फिकट, मातकट कपडे. वारा यावा म्हणून दार सताड उघडं.

"आणि अस्वल?" लेकीनं विचारलं.

"आजी आहे की! नाहीतरी ती येणार नाहीये."

सरांच्या आईचे गुडघे दुखायचे, म्हणून तिला न्यायचं नाही, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आई त्यावर "बरं" एवढंच म्हणाली होती. आताही ती "बरं" म्हणाली, जमिनीवर गादी घालून आडवी झाली आणि चॉकलेटी रग तिनं डोक्यावरून ओढून घेतला.

"हे झोपलेलं अस्वल! मी हात खाली करेपर्यंत कुणी हूं की चूं करायचं नाही!"

सरांनी हात वर धरला आणि तिघंही पुतळ्यासारखी रगाकडे बघत बसली.

नेमक्या तेव्हाच समोरच्या शिवणकाकू सुईदोरा मागायला दारात आल्या. (शिवणकाम करणाऱ्या बाईला सुईदोरा कशाला लागावा, असं विचारू नका. त्यांना गप्पा मारायच्या होत्या.) त्यांनी पाहिलं तर काय, फिकट कपडे, सुतकी चेहरे आणि मधोमध डोक्यावरून पांघरूण!

"अगंबाई! कधी?" त्या कशाबशा पुटपुटल्या.

सराव कधी सुरू झाला, असं सरांना वाटलं. "शू! आत्ताच," ते कुजबुजले.

"आणि तुम्ही इतके शांत?"

"सवय करावी लागते, काकू. जायचं तर आहेच ना!"

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "मग आता... आईंना कधी न्यायचं?"

"छे, आईला कुठं नेतोय! ती इथेच राहील. धाकटी बहीण येऊन बसेल तिच्याजवळ. आम्ही तिघं शनिवारी जंगलात जाऊन येतो."

काकू पांढऱ्याफटक पडल्या आणि जिन्याकडे धावल्या. सर खूश! एवढी बोलकी बाई आली, गेली, आणि बायको-लेक जागच्या हलल्या नाहीत! "शाब्बास! आता यापेक्षा अवघड परीक्षा!"

ती लगेच आलीच. जिन्यावर पावलं धडधडली आणि दारात अर्धी इमारत उभी! सगळ्यांत पुढे निवृत्त पोस्टमास्तर, हातात पांढरी फुलं आणि कपाळावर आठ्या.

"सर! स्वतःच्या आईला अशी टाकून सहलीला निघालात?"

"अहो, तिचे गुडघे—"

"गुडघ्यांचं काय घेऊन बसलात आता!"

"तिला तिथे झेपणार नाही हो!"

"झेपणार नाही?" पोस्टमास्तरांनी फुलं रगाच्या पायाशी ठेवली. कुणी म्हणालं, माझ्या पोराच्या तापात या माउलीनंच रात्र जागून काढली. कुणी तिच्या हसण्याची आठवण काढली. रग किंचित हलला. पण रडण्याच्या भरात ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. आत आईला एवढं कौतुक जन्मात पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं. ती कशाला उठतेय!

सरांच्या डोक्यात आता कुठं गिअर पडला. "अहो, आई मेलेली ना—"

पण शिवणकाकूंचा बांध फुटला होता. "किती हौस होती हो त्यांना! माझ्याकडे गुपचूप कोट शिवायला दिला होता, मोठ्या खिशांचा. म्हणाल्या, जंगलात बरा पडेल, अस्वल बघायचंय एकदा. आणि परवा येऊन म्हणाल्या, राहू दे, आता घाई नाही."

सरांचा वर धरलेला हात आपोआप खाली आला. "आई," ते रगाशी वाकून म्हणाले, "मला बोलली का नाहीस गं?"

"तू विचारलंस कुठं?" रग म्हणाला.

मग काय! किंकाळ्या, पळापळ! पोस्टमास्तर मागे सरले ते थेट जीपमध्ये, म्हणजे लेकीच्या मांडीवर बसले. आई केस सावरत उठून बसली आणि शिवणकाकूंना म्हणाली, "तेवढा कोट घ्या बाई पूर्ण करून. आणि पोस्टमास्तर, फुलं छान आहेत हं!"

शनिवारी चौघं निघाली. पुढची ऐसपैस सीट आईला, गुडघ्यांखाली दोन उशा, अंगात नवा कोट. जीप ओढ्याकाठी थांबली. बायको गप्प. लेक तर श्वाससुद्धा जपून घेत होती. आणि झुडपं हलली. काळंभोर, झुलत झुलत चालणारं खरंखुरं अस्वल बाहेर आलं!

"आई! ते बघ! अगं ते बघ, अस्वल!!"

अख्खं जंगल दणाणलं. पाखरं उडाली, अस्वल गर्रकन वळलं आणि दिसेनासं झालं. गाइडनं कपाळाला हात लावला. बायको आणि लेक, दोघींनी एकदमच मान वळवून सरांकडे पाहिलं. ओरडणारे सर होते!

"असू दे रे," आई त्यांचा हात थोपटत म्हणाली. "पाठ दिसली मला. चांगली भरलेली होती!"