वेधशाळेची तिकिटं आणि कोमट पाणी

"यंदा पहिला नंबर आपलाच! लिहून ठेवा!" जवाहरनगरच्या फॅक्टरी बसमध्ये परसराम छाती ठोकून सांगत होता, अन् आजूबाजूचे नेहमीसारखे खिडकीबाहेर पाहत होते.

जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा टपाल तिकिटं जमवणारे तगडे गडी सगळे गोंदियाकडे गेले. भंडाऱ्याच्या वाट्याला उरले दोघंच, परसराम आणि कोशाच्या रेशमी साड्यांचे व्यापारी गोपाळराव. तेव्हापासून जिल्ह्याच्या वार्षिक तिकीट प्रदर्शनात पहिला नंबर गोपाळरावांचा, दुसरा परसरामचा. तिसरा यायला माणूसच नाही! म्हणजे हा दरवर्षी शेवटून पहिला. हे त्याला फार झोंबत होतं.

यंदा मात्र त्यानं नागपूरहून एका जुन्या वेधशाळेच्या इतिहासावरच्या सोळा तिकिटांचा अख्खा ताव आणला होता. घुमट, दुर्बीण, दाढीवाले शास्त्रज्ञ, सूर्यावरचे डाग! कोरा करकरीत, पाठीवरचा गोंद शाबूत. कोऱ्या तिकिटाचा सगळा मान त्या गोंदातच असतो, हे त्यानं अख्ख्या बसला समजावलं. घरी सांगायचं तेवढं राहिलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तो ड्यूटीवरून परतला, तर खाटेवर पेपर पसरलेला आणि त्यावर सोळा तिकिटं सुटी सुटी, वाळवणासारखी!

"मालन! हे काय केलं?"

"धुतले न!" त्याची बायको मालनबाई हरखून म्हणाली. "तुमाले येळ कुठं होता? लई गोंद होता बापा! दोनदा पानी बदललं!"

परसराम मटकन खाली बसला. रागवावं तरी कोणत्या तोंडानं? पाकिटावरची जुनी तिकिटं कोमट पाण्यात भिजवायची, गोंद काढायचा, मगच वहीत लावायची, हे अठरा वर्षं त्यानंच तिला शिकवलं होतं.

"बेस केलं," तो कसाबसा म्हणाला.

ती अंगणात जाताच यानं स्वयंपाकघरातून गुपचूप भाताची पेज घेतली, एकेका तिकिटाच्या पाठीला फासली आणि त्याच पेपरवर वाळत घातली. आता पेज ती पेज! सकाळी तिकिटं निघाली ती पाठीवर पेपर घेऊनच. दुरुस्तीला वेळ नव्हता. तशीच काचेखाली मांडली.

परीक्षकांनी चिमट्यानं सूर्याचं तिकीट उचललं, उलटं केलं आणि चष्मा सावरून मोठ्यानं वाचलं, "कन्या रास. घरच्यांच्या सहकार्याने कामे मार्गी लागतील."

पहिला नंबर गोपाळरावांचा. दुसरा, अर्थात, परसरामचा.

गोपाळराव मिशीत हसत अभिनंदनाला आले. प्रदर्शन पाहायला आलेल्या मालनबाईनं त्यांच्या मांडणीतला कोरा ताव हातात घेऊन उलटा केला आणि हळहळली, "अगा माय! भाऊ, तुमचा तं गोंद तसाच राहिला! आमच्या घरी आना, कोमट पान्यात दोन मिनिटात निघते!"

गोपाळरावांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी ताव परत घ्यायला हात पुढे केला, तो परसरामनं मध्येच प्रेमानं धरला.

"राहू द्या, गोपाळराव, घेऊन जाऊ द्या तिले! तिचा हात लई साफ आहे!"