दोन सोनक्या आणि वर एक

अंबाजोगाईच्या बाजारात मुनव्वरच्या अंगठ्याला मान होता. पपई दाबून ती कोणत्या वारी पिकणार ते तो सांगायचा. म्हणून पोरगी इरम जेव्हा म्हणाली, "अब्बा, हे दोन गठ्ठे नुसते सांभाळा, हात लावू नका," तेव्हा त्याला जरा लागलंच. फळवाल्याला माल ठेवायला शिकवायलीय!

गठ्ठ्यांत इरमचा कॉलेजचा प्रकल्प होता. बालाघाटच्या डोंगरावर पिवळी सोनकी फुलते. तिच्या दोन जाती, दिसायला जुळ्या बहिणी. इरमनं दोन्हींची वीस-वीस रोपं पेपरांत दाबून वाळवली होती. उद्या परीक्षक येणार होते, आणि पहिला वर्ग मिळाला तरच पुढं एमएस्सीला प्रवेश होता.

इरम अहवाल छापायला गेली. मुनव्वरनं गठ्ठे उघडले. सगळा माल सुकलेला. सकाळी सफरचंदांवर शिंपडतो तसं त्यानं पाणी शिंपडलं. मग दोन्ही गठ्ठे एक करून मोठी फुलं वर, बारकी खाली, अशी झकास मांडणी केली.

इरम आली, बघितलं आणि मटकन खाली बसली.

"अब्बा, कावून उघडलं?"

"लई सुकलं होतं गं. आता बघ कसं ताजं दिसायलंय."

"महिनाभर सुकवत होते मी!"

"ह्यांच्या हाती काही देऊ नये हे मला लग्नातच कळलंतं," म्हणत बायको आमिनाबीनं इस्त्री तापवली आणि पेपरावरून रोपं वाळवायला घेतली.

मुनव्वरचा चेहरा पडला. "फरक काय हाय ते तरी सांग."

"एकीचं पान खरखरीत, दुसरीचं मऊ."

"मग हे आधी न्हाई का सांगायचं?" मुनव्वरनं डोळे मिटले आणि अंगठा लावला. खरखरीत इकडं, मऊ तिकडं. संध्याकाळच्या अजानपर्यंत चाळीसच्या चाळीस वेगळी झाली. इरमनं भिंगातून तपासली, एकही चुकलं नव्हतं. बापाची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं.

दोरी बांधताना गठ्ठा त्याला हलका वाटला. घरामागच्या शेतातून त्यानं एक पिवळं झाड उपटलं आणि गुपचूप तळाशी सारलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात परीक्षक विजयसिंह सर एकेक पान उलटत होते आणि मुनव्वर दारात उभा होता. "छान. जाती अचूक ओळखल्यात." मग शेवटचं पान आलं. "ही तिसरी कोणती?"

इरमनं ते झाड गठ्ठ्यात पहिल्यांदाच पाहिलं. ती वाकली, पानं बघितली. "सर, ही सोनकी न्हाई. शेतातलं कारळं आहे, चटणी करतो ते."

"मग इथं कशाला?"

इरमनं दाराकडं पाहिलं. मुनव्वरला राहवलं नाही. "साहेब, ते मी घातलं. आमच्यात तोलून झाल्यावर एक वरून द्यायची रीत हाय."

सरांनी गुण लिहिले, पन्नासपैकी एकोणतीस. पहिल्या वर्गाला तीस लागत होते. इरमचे डोळे भरून आले.

मुनव्वर हात जोडून पुढं सरकला. "साहेब, वरून एक?"

सर खो खो हसले. खाडाखोड करून त्यांनी तीस लिहिले.

त्या दिवसापासून गाड्यावर येणाऱ्या प्रत्येकाला मुनव्वर सांगतो, पोरीला पहिला वर्ग आपण घासाघीस करून मिळवून दिला. तो एक गुण कारळ्यामुळंच कापला होता, हे इरमनं त्याला घरी येताच सांगितलंय. ते मात्र तो गिऱ्हाइकाला सांगत नाही.