चोरलेलंच लागतं

चैत्र शुद्ध द्वितीया. कुरडयांचा चीक स्टोव्हवर होता, हात थांबवला की गुठळ्या. खिडकीतून पाहते तर शेजारचे माणिकराव आमच्या भिंतीवर पोट टेकून लोंबकळत होते. डोकं आमच्या अंगणात, पाय त्यांच्या. हातात माझ्या जास्वंदीची फांदी.

"माणिकराव, मागितली असती तर दिली असती की!"

"म्हणून तर मागत नाय, वहिनी. दिलेलं लागत नाय. चोरलेलंच लागतं."

चोरून आणलेलं रोप जोमानं येतं असं आपल्याकडे पुष्कळ लोक मानतात. पण मानणं वेगळं आणि या वयात रोज भिंतीवर चढणं वेगळं. हा माणूस निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकला, पोलीस ॲक्शननंतर तहसिलीत लागला, पेशकार म्हणून निवृत्त झाला, पण कुणाचा फुकट चहा प्यायला नाही. रोपांच्या बाबतीत मात्र उघड दरोडेखोर.

शिमगा झाला की ते भल्या सकाळी आमच्या उस्मानपुऱ्यातून गावाबाहेरच्या साताऱ्याच्या डोंगराकडे चालत सुटत. एकदा आम्ही नवराबायको बरोबर गेलो. पळस फुलला होता, वारा गार होता, चालायला झकास. पण माणिकराव दर बांधाला थांबणार. "वहिनी, मालकाला जरा बातचीतीत गुंतवा." मी एका अनोळखी शेतकऱ्याला त्याच्या म्हशीची तब्येत विचारत उभी, आणि माझ्यामागं ते उकिडवे बसून गवती चहा उपटतायत.

शेवटी शेतकरीच म्हणाला, "बाई, म्हस बरी हाय. त्या काकाला म्हणावं, वाकू नका, चांगली जुडी देतो बांधून."

माणिकरावांनी ते ऐकलं, उपटलेला ठोंब होता तिथं परत लावला आणि तोंड पाडून चालू लागले. "खेल बिघडवला राव त्यानं!" घरी येईपर्यंत हेच. माझ्या पायाला फोड आले ते वेगळंच.

त्यांची बाग म्हणजे घरामागची चिंचोळी पट्टी. तेलाचे डबे, फुटका माठ, एक बिनबुडाची बादली. प्रत्येक रोपाला ज्याचं चोरलं त्याचं नाव. पाणी घालताना रोज ऐकायला येई, "आदाब, डॉक्टरसाब! मास्तरीणबाई, आज सुकल्यासारख्या दिसता." माझ्या नावाचा कढीपत्ताही तिथं होता. त्याला म्हणे फार पाणी लागतं आणि तो कुणाचं ऐकत नाही.

तर त्या सकाळी फांदी मिळाली तरी माणिकराव खाली उतरेनात.

"वहिनी, घर विकलं. शनिवारी पोराकडं नागपूरला चाललो. घेणारा मागं फरशी टाकणार म्हणतो."

माझा चमचा थांबला. "आणि झाडं?"

"डबे काय, कोणीबी उचलून नेईल. मोतिया मोगऱ्याचं काय करू? जमिनीतला हाय. आमच्या कावेरीनं लग्नाच्या साली देवगाव रंगारीतून आणलेला, पाटलाच्या मळ्यातून, ओच्यात लपवून. ती गेली तवापासून मीच बघतो." ते जास्वंदीची पानं खुडू लागले. "एक फांदी दाबून ठेवली होती मातीत. मुळ्या सुटल्यात."

"मग द्या ना, मी लावते."

मी जणू विष मागितलं असा चेहरा झाला त्यांचा. "देऊ कशी? जगायला पायजे ना ती!"

मग ते भिंतीकडे पाहत म्हणाले, "सकाळी मी पेपर वाचतो. हिकडं पाठ असती. आन् खुरपं कुठंबी इसरायची खोड हाय मला."

एवढं बोलून ते पलीकडे घसरले. इकडे चीक खाली लागला. मी माणिकरावांना, त्यांच्या मोतियाला आणि सबंध नागपूरला शिव्या घालत पातेलं घासलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर चढून, गुडघे खरवडून घेत मी ती भिंत ओलांडली. माणिकराव पाठ करून बसले होते. पेपर उघडा होता, पान काही उलटत नव्हतं. खुरपं मोतियाच्या बुंध्याशीच. दाबलेल्या फांदीचं रोप मातीसकट निघालं, पण माझ्या पायानं एक डबा लवंडला.

"कोण हाय तिकडं?" मान न वळवता ते ओरडले.

मी ओ दिली नाही. रोप पदराखाली घेतलं आणि भिंतीवरून आमच्या अंगणात उडी टाकली.