खरखरमुक्त इमारत

आमच्या जिन्यात वीज वाचवणारे नवे दिवे बसले आणि माझा रेडिओ खरखरू लागला. दिवे लागले की खरखर, विझले की बंद. पण ते भर दुपारीही चालू असत, कारण ते वीज वाचवत होते.

पूर्वी असं झालं की मी खिडकीतून ओरडायचे, "अगं, तुझं ते मोटारीचं शिलाई मशीन थांबव जरा, बातम्या लागल्यात!" आणि शेजारीण थांबवायची. आता त्यासाठी ध्वनिव्यत्यय निवारण कक्ष आहे.

गुरुवारी दुपारी चारला माझी धाकटी बहीण रेडिओवर शेवटचं गाणार होती. म्हणून मी सोमवारीच अर्ज केला. बुधवारी निरीक्षक यंत्र घेऊन हजर झाले.

"आजी, आधी इमारतीतलं सगळं बंद करतो. नाहीतर मोजणीत व्यत्यय येतो."

"अहो, पण व्यत्ययच मोजायचाय ना?"

"हो, पण शांत वातावरणात. तसा नियमच आहे."

मेन स्विच खाली गेला. काटा शून्यावर. त्यांनी 'व्यत्यय आढळला नाही' असं लिहिलं, यंत्र पेटीत घातलं आणि स्विच वर केला. लगेच रेडिओ खरखरला.

"हे बघा! ऐका!"

"ऐकतोय की. पण मोजणी झाली आजी."

इमारतीचे सचिव मदतीला धावले. "साहेब, बाकी पंचवीस घरांची काहीच तक्रार नाही."

"त्या पंचवीस घरांत रेडिओ तरी आहे का?" मी म्हटलं.

"नाही ना! म्हणूनच शांतता आहे."

निरीक्षकांनी दिव्याला कान लावला. आवाज नाही. रेडिओला लावला. आवाज आहे. "उगमस्थान सापडलं," ते म्हणाले आणि माझा रेडिओ लाखेनं मोहोरबंद केला. व्यत्यय नाही आणि तो रेडिओतून येतो, हे दोन्ही निष्कर्ष एकाच कागदावर बसले. रकाने वेगळे होते.

गुरुवारी संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "ताई, आवाज कसा लागला होता गं? शेवटची ओळ तुझ्यासाठी दोनदा घेतली."

"ऐकली ना, बाई. अगदी स्वच्छ लागला होता," मी म्हटलं.

आता खाली 'खरखरमुक्त इमारत' अशी पाटी लागली आहे. निरीक्षक सांगत होते, शहरातल्या जवळजवळ सगळ्या इमारती या यादीत आल्या आहेत. तुमचीही असेल. शेवटची तक्रार कधी केली होती, आठवतं का? नाही ना? अभिनंदन.