खड्ड्याला तहान लागली

चिकलठाण्याच्या आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. टँकरवाल्याचा नंबर इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतो. अशा ठिकाणी भालेराव काका रोज सकाळी बादली घेऊन निघतात आणि घरोघरी जमिनीला पाणी पाजतात. झाडांना म्हणाल, तर नाही. सोलरच्या अर्थिंगच्या खड्ड्याला.

गच्चीवर पॅनल, पॅनलशेजारी वीज झेलणारी सळई, आणि सळईची तार थेट खाली अंगणातल्या खड्ड्यात. खड्ड्यातली माती ओली असली तरच वीज मुकाट जमिनीत जाते, नाहीतर घरात शिरते, एवढं विज्ञान काकांनी अख्ख्या गल्लीच्या गळी उतरवलंय. "वीज म्हंजी पावणी हाय, पोरी. यायची तवा यील. पर तिला जायाला वाट दिली का तू?" हे मी रोज ऐकते. पाणी मात्र ते स्वतःचंच आणतात, घरच्या आरओ मशीनमधून वाया जाणारं. "खारं पाणी खड्ड्याला लई मानवतं."

काका काही वीजवाले नव्हेत. त्यांची सगळी हयात गुलमंडीवरच्या कापड दुकानात गेली. आमचं सोलर बसत होतं, तेव्हा ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मेकॅनिकच्या डोक्यावर उभे होते. "सरळ सोड तार, ताग्यावानी. घडी पडली का वीज तिथंच बसती." मेकॅनिक वैतागून म्हणाला, "मग तुम्हीच सोडा ना काका!" काकांनी खरंच तार घेतली आणि गिऱ्हाइकापुढं साडीचा पदर उलगडावा तशी झोकात खाली सोडली. आता ब्लाऊजपीस काढायचा का विचारतात की काय, असं मला वाटलं.

आभाळ आलं की काका गल्लीभर ओरडत फिरतात, "मेन पाडा रे, मेन पाडा!" एकदा भर दुपारी गडगडाट ऐकून त्यांनी सगळ्यांचे मेन पाडायला लावले. समोरच्या शेख चाचींची चटणी मिक्सरमध्ये अर्धवट राहिली. त्या तणतणत बाहेर आल्या, "काका, वो तो हवाई जहाज था!"

"व्हय, पर जहाज बी ढगातूनच आलं ना?" काका म्हणाले.

या वेडाला कारण आहे. गल्लीत पहिलं सोलर काकांचं. तेव्हा सळई नको, विजेचा दणका झेलणारी सर्ज प्रोटेक्टरची डबी नको, उगं वरचा खर्च, असं म्हणाले. पहिल्याच वळवात इन्व्हर्टर, टीव्ही, फ्रीज, सगळं एका दणक्यात गेलं. काकू म्हणाल्या, "दुनियेला अस्तर लावा म्हणून सांगता, अन् सोताच्या घराला अस्तर नाय लावलं?" तेव्हापासून सर्ज प्रोटेक्टरला काका अस्तरच म्हणतात. त्या डबीची छोटी खिडकी हिरवी आहे ना, हे येताजाता बघतात.

यंदाच्या वळवात जवळच कुठंतरी वीज पडली. काका धावत आमच्याकडे आले आणि आनंदानं ओरडले, "फाटलं! अस्तर फाटलं!" आमच्या डबीची खिडकी लाल झाली होती. सगळा दणका त्या डबीनं अंगावर घेतला होता, बाकी घर शाबूत होतं. काकांनी स्वतःच्या खर्चानं गल्लीत पेढे वाटले.

डबी बदलायला मेकॅनिक आला. ओला खड्डा बघून तो हसायला लागला. "ताई, याला पाणी कशाला? आत केमिकल भरलंय, ते आपणच ओल धरतं. या गल्लीत सगळ्यांचं तसंच आहे. काकांचंच तेवढं जुनं, मीठ-कोळशाचं."

मीही हसले, पण लगेच हसू गेलं. काकू गेल्या हिवाळ्यात वारल्या. काकांची ही घरोघरची बादली त्यानंतरचीच. आमच्याकडे चहा, चाचींकडे पोहे, कोपऱ्यावर तासभर गप्पा. खड्ड्याला तहान नाही हे कळलं, तर हा माणूस कुठल्या कारणानं बाहेर पडेल? नुसतं चहाला या म्हटल्यानं येणाऱ्यातले ते नव्हेत. मी मेकॅनिकला बजावलं, "काकांना यातलं अक्षरही सांगायचं नाही." चाचींनाही जाऊन तंबी दिली.

दुसऱ्या दिवशी काका आले. पाणी ओतलं, ओट्यावर टेकले. मी आल्याचा चहा दिला आणि वर नाटकही केलं, "काका, आज खड्डा भारीच सुकलाय हो!"

काकांनी बशीतला चहा संपवला. माझ्याकडं बघून मिश्कील हसले. "पोरी, तुझ्या खड्ड्यात केमिकल हाय. भरलं तवा मी हितंच हुभा व्हतो की."

"मग रोज पाणी कशाला हो, काका?"

काकांनी बादलीची कडी उगाच इकडून तिकडं केली.

"रिकाम्या हातानं कसं यावं कुणाच्या दारात?"

मी म्हटलं, "उद्या नुसते या. थालीपीठ लावणार आहे."

"बघू," म्हणून ते चाचींच्या फाटकाकडं वळले.

दुसऱ्या दिवशी थालीपीठ तव्यावर असतानाच फाटक वाजलं. काका आले होते. हातात बादली होतीच. पाणी मात्र नव्हतं.